लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता मिश्रण पद्धतीने कशी काढावी

एक ग्रॅम पदार्थाचे तापमान एक अंशाने वाढवायला जितकी उष्णता लागते, ती त्याची विशिष्ट उष्माधारकता. तापलेला धातू थंड पाण्यात सोडला की त्याने गमावलेली उष्णता पाणी आणि पाण्याचे भांडे मिळून घेतात. सारा प्रयोग या एका हिशेबावर उभा आहे. त्यासाठी ढवळणीसह तांब्याचा कॅलरीमापी (उष्णता मोजण्यासाठी पाणी ठेवण्याचे भांडे), त्याची लाकडी पेटी, दोन तापमापी, तराजू आणि दोरा बांधलेला सुमारे 150 ग्रॅमचा लोखंडी ठोकळा लागतो.

प्रथम ठोकळा, आणि ढवळणीसह रिकामा कॅलरीमापी, असे वेगवेगळे तोलावेत. ठोकळा उकळत्या पाण्यात, तळाला टेकणार नाही असा, दहा-पंधरा मिनिटे टांगून ठेवावा. पाण्याचे तापमान तापमापीवर वाचूनच नोंदवावे. 100 अंश गृहीत धरू नये, कारण पुण्याच्या उंचीवर पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते.

मधल्या वेळात कॅलरीमापीत 100 ग्रॅम पाणी घ्यावे. ते खोलीपेक्षा चार-पाच अंश थंड असलेले बरे, म्हणजे आधी बाहेरून आत येणारी आणि नंतर बाहेर जाणारी उष्णता यांची बरीचशी फिटंफाट होते.

खरी कसोटी ठोकळा हलवताना लागते. त्याला चिकटून ग्रॅमभर जरी उकळते पाणी आत गेले, तरी सुमारे 60 कॅलरी फुकटच्या जमा होतात. उलट तो पुसत बसले तर तो हवेतच निवतो. म्हणून दोरा झटकून, कोरड्या फडक्याचा एकच हात फिरवून, ठोकळा पाणी न उडवता आत सोडावा, झाकण लावून सावकाश ढवळत राहावे आणि पारा जिथवर चढेल ते कमाल तापमान टिपावे.

समजा, 60 ग्रॅमच्या कॅलरीमापीतील पाणी 26 अंशांवरून 35.5 अंशांवर गेले आणि ठोकळा 98 अंशांवर होता. तांब्याची विशिष्ट उष्माधारकता 0.093 धरल्यास भांडे 5.6 ग्रॅम पाण्याइतकी उष्णता घेते. म्हणून ग्रहण केलेली उष्णता 105.6 × 9.5, म्हणजे सुमारे 1003 कॅलरी. ठोकळा 98 वरून 35.5 वर, म्हणजे 62.5 अंशांनी निवला, म्हणून तिला 150 × 62.5 ने भागल्यास 0.107 कॅलरी प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस हे उत्तर येते. पुस्तकातील किंमत 0.11 आहे.

अंतिम तापमान अर्धा अंश जास्त वाचले गेले, तर हेच उत्तर 0.114 होते, त्यामुळे दशांश अंश दाखवणारा तापमापी मिळाल्यास तोच कॅलरीमापीत वापरावा. उत्तर 0.12 च्या वर गेल्यास ठोकळ्यावरच्या ओलीचा, आणि 0.10 च्या खाली आल्यास हलवताना झालेल्या रेंगाळण्याचा संशय आधी घ्यावा.