नोकरी गेल्यावर एच-१बीवरून एफ-१वर जाताना

अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर काम करणाऱ्याची नोकरी गेली की त्याला देशात राहण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते, आणि ती मोजण्यातच पहिली गफलत होते. हे दिवस कामावरून कमी केल्याचे पत्र आले त्या दिवसापासून नव्हे, तर सामान्यतः ज्या शेवटच्या दिवसाचा पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरले जातात. सेव्हरन्सच्या, म्हणजे नोकरी जाताना मिळणाऱ्या भरपाईच्या, रकमेमुळे ते वाढत नाहीत. पगार १४ मार्चपर्यंतचा असेल तर साठावा दिवस १३ मे रोजी येतो, पण आय-९४ची, म्हणजे देशात राहण्याची मुदत सांगणाऱ्या प्रवेश-नोंदीची, मुदत ३० एप्रिललाच संपत असेल तर सवलतही तिथेच संपते.

या अवधीत स्टेटस, म्हणजे देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा, बदलून एफ-१ हा विद्यार्थ्यांचा दर्जा मागणारा आय-५३९ अर्ज यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे) पोहोचलेला हवा. मंजुरी मात्र नंतर आली तरी चालते. त्यासाठी आधी परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता असलेल्या संस्थेत प्रवेश मिळवावा, पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च भागेल इतका पैसा बँकेत असल्याचे दाखवावे, डीएसओकडून (संस्थेतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याकडून) आय-२० हे प्रवेशाचे प्रमाणपत्र घ्यावे आणि सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीचे ३५० डॉलर भरावेत. आय-२० मागतानाच आपण देशातच राहून स्टेटस बदलणार आहोत, हे डीएसओला स्पष्ट सांगावे. अर्ज प्रलंबित असताना नोकरी करता येत नाही, आणि देशाबाहेर पाऊल टाकले तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. सत्र सुरू होण्याची तारीख जवळ येऊनही निर्णय आला नसेल, तर ती पुढच्या सत्रावर ढकलून घेण्यासाठी डीएसओला वेळेत गाठावे.

अर्जासोबतच्या पत्रावर सर्वाधिक मेहनत घ्यावी. दहा वर्षे अनुभव असलेला अभियंता एकाएकी दुसरी मास्टर्स का करू पाहतो, ही शंका अधिकाऱ्याच्या मनात येणारच. तिला कामाच्या क्षेत्राशी जोडलेले, पटण्याजोगे उत्तर हवे. एफ-१साठी शिक्षण संपल्यावर परतण्याचा इरादा दाखवावा लागतो, त्यामुळे ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या आणि आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालेल्या भारतीयांची इथे खरी अडचण होते. अशांनी वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय हा अर्ज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ मुदत निभावून नेण्यासाठी पहिल्याच दिवसापासून सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी, देणाऱ्या कॉलेजात नाव घालणे तर मला धोक्याचेच वाटते. पुढच्या एच-१बी अर्जाच्या वेळी त्यावर खोदून प्रश्न विचारले जातात. शिवाय पूर्वी मास्टर्सनंतर ओपीटी, म्हणजे पदवीशी निगडित तात्पुरते काम करण्याची परवानगी, वापरून झाली असेल, तर त्याच पातळीच्या दुसऱ्या पदवीवर ती पुन्हा मिळत नाही.

घरच्यांचेही स्टेटस बदलते. एच-४ईएडीवर (एच-१बीधारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) नोकरी करणाऱ्या जोडीदाराला एफ-२ या विद्यार्थ्याच्या कुटुंबीयांच्या स्टेटसवर काम करता येत नाही. मुलांची शाळा मात्र चालू राहते.

अर्ज मंजूर झाला तरी पासपोर्टवर एफ-१चा शिक्का येत नाही. पुढे भारतात आल्यावर परतण्यासाठी वकिलातीत मुलाखत द्यावी लागते, म्हणून शिक्षण चालू असेपर्यंत प्रवास विचारपूर्वक ठरवावा.

नवी नोकरी मिळाल्यावर कंपनी आय-१२९ हा कर्मचाऱ्यासाठीचा अर्ज करून पुन्हा एच-१बी मागू शकते. आधी एच-१बीच्या वार्षिक कोट्यात निवड झालेली असेल आणि एच-१बीच्या कमाल सहा वर्षांतला काळ शिल्लक असेल, तर सहसा पुन्हा लॉटरीत उतरावे लागत नाही. तरीही मंजुरी हाती येईपर्यंत काम सुरू न करणेच बरे. हा शिल्लक काळ सिद्ध करायला जुन्या आय-७९७ मंजुरीपत्रांच्या आणि पगारपत्रकांच्या प्रती लागतात. कंपनीचा ईमेल आणि पगाराचे पोर्टल शेवटच्या दिवशीच बंद होऊ शकते, तेव्हा लॅपटॉप परत करण्यापूर्वी या प्रती स्वतःकडे उतरवून घ्याव्यात.