सिंकखालची मशीन अडकली? नवीन घेण्याआधी हे करून पाहा

सिंकखालच्या डिस्पोजरसाठी, म्हणजे खरकटं बारीक करून पाइपात सोडणाऱ्या मशीनसाठी, मला येणारे फोन बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात. "भाऊ, आवाज करून राहिली, पण फिरून नाही राहिली." आणि लगेच, "नवीनच घ्या लागते का?"

नाही लागत. घूं असा आवाज येतोय म्हणजे करंट मोटरपर्यंत पोचतोय, आत काहीतरी अडकलंय एवढंच. मी नागपुरात मनीषनगर, बेसा, नरेंद्रनगर या पट्ट्यात नळकाम आणि वायरिंग दोन्ही करतो. या मशीनबद्दल माझं मत एकच आहे: आपल्या घरांत मशीन कमी बिघडते, तिच्यापुढचा पाइप जास्त दगा देतो.

आधी अडकलेली मशीन मोकळी करू. स्विच बंद करा आणि पिनही सॉकेटमधून काढून ठेवा. जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर लावलेला सापडतो. तिथे बटण बंद असलं तरी आत फेज असतोच. सिंकच्या भोकात हात घालायचा नाही, पिन काढलेली असली तरी नाही. आत मिक्सरसारखी पाती नसतात. खाली एक फिरती तबकडी असते आणि तिच्यावर धातूचे दोन ठोकळे. तबकडी फिरली की खरकटं बाहेरच्या दातेरी कड्यावर फेकलं जातं, तिथे घासून बारीक होतं आणि पाण्याबरोबर खाली जातं. ठोकळा आणि कडं यांच्यामधल्या फटीत काही बसलं की मशीन जाम. आपल्याकडे तिथे काय सापडतं? तारेच्या घासणीचे तुकडे, चिंचोके, छोटा चमचा आणि सणावाराच्या दुसऱ्या दिवशी हमखास झेंडूच्या हाराचा दोरा.

आता खाली वाकून मशीनच्या बुडाकडे बघा. बरोबर मध्यभागी षटकोनी भोक असतं. त्यात पाव इंची ॲलन की बसते. ती मशीनच्या खोक्यातच येते आणि घर लावताना हरवते. दुकानात मागताना पाव इंचीच मागा. ६ एमएमची चालवून घेऊ नका, ती सैल बसते आणि भोकाच्या कडा खाऊन टाकते. चावी डावीकडे-उजवीकडे हलवत राहा, जोरात हिसका नको. पूर्ण फेरा सहज फिरला की अडकलेलं सुटलं. काही मशीनना हे भोक नसतं. तिथे वरून लाकडी दांडा घालून ठोकळ्याला आडवा दाब द्यायचा. मग टॉर्च मारून लांब चिमट्याने तुकडा बाहेर काढा. दोरा गुंडाळला असेल तर चिमट्यानेच एक टोक पकडून मशीन चावीने उलटी फिरवत सोडवा.

मोटर गुणगुणत राहिली असेल तर तापून तिचं ओव्हरलोड पडलेलं असतं. बुडाशीच लाल बटण असतं, ते थोडं बाहेर आलेलं दिसेल. दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दाबा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, बंद कपाटात मोटर लवकर थंड होत नाही. तेव्हा दारं उघडी ठेवून अर्धा तास द्या. बटण दाबल्यावर आधी नळ सोडा, मग मशीन चालू करा. मोकळी फिरत असूनही लाल बटण पुन्हा पुन्हा पडत असेल तर मोटर गेली, दाबत बसू नका.

अजिबात आवाज नसेल तर लाल बटण, एमसीबी आणि सॉकेट या क्रमाने पाहा. सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघितला तरी कळतं. ओट्यावर दाबायचं हवेचं बटण असेल तर त्याची बारीक नळी निसटली आहे का तेही बघा.

गळती असेल तर सगळं कोरडं पुसा, सिंकला बूच लावून पाणी भरा आणि खाली वर्तमानपत्र पसरा. सिंकच्या तोंडाशी गळत असेल तर तिथलं पुट्टी-सील गेलंय, पुन्हा बसवता येतं. बाजूच्या एल्बोशी, म्हणजे पाइपच्या वळणाच्या जोडाशी असेल तर रबर गॅस्केट बदला. पण पाणी मशीनच्या बुडातून, लाल बटणाच्या आसपास ठिबकत असेल तर आतलं सील संपलं. त्यावर पैसे घालू नका, मशीन बदला.

नवीन मशीन घेताना

हा प्रकार अमेरिकेतला. रासीन गावातल्या जॉन हॅम्स नावाच्या आर्किटेक्टने १९२७ साली पहिली मशीन बनवली, ती तिकडच्या सिंकसाठी आणि तिकडच्या जाड पाइपांसाठी. म्हणून मशीनला साडेतीन इंची, म्हणजे साधारण ९० एमएमचं भोक लागतं. खरेदीला जाण्याआधी जुनं कपलिंग (सिंकच्या भोकातली जाळीची जोडणी) काढून आपल्या सिंकचं भोक टेपने मोजा. चार माणसांच्या घराला अर्धा एचपी पुरते. घरात मटण नेहमी होत असेल तर पाऊण घ्या.

मुलगा-सून तिकडून येताना मशीन घेऊन येतात, असंही घडतं. ती १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची असते. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. थेट लावली तर जळते. ट्रान्सफॉर्मर लावला तर व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ तेच राहतात. मोटर हळू फिरते आणि तापते. अशी मशीन मी बसवत नाही.

सॉकेट तीन पिनचं, खऱ्या अर्थिंगचं, पाइपच्या खाली नाही तर बाजूला उंचावर. लाइनवर ३० मिलीॲम्पियरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारं स्विच, असू द्या. ओल्या हाताने वापरायची वस्तू आहे.

बसवणं तसं सोपं. जुनं कपलिंग काढून भोकाची कड खरवडून साफ करा. फ्लँजखाली, म्हणजे भोकात वरून बसणाऱ्या कडेच्या रिंगखाली, पुट्टीची वळकटी लावून ती वरून दाबा. ग्रॅनाइटच्या सिंकला पुट्टीचा तेलकट डाग पडतो, तिथे सिलिकॉन वापरा. खालून गॅस्केट, रिंग आणि माउंटिंग चढवून तिन्ही स्क्रू थोडे थोडे, सारखे आवळा. एकच पूर्ण आवळला तर फ्लँज तिरपी बसते आणि महिन्याभरात गळते. मशीन जड असते, म्हणून खाली रंगाचा रिकामा डबा ठेवून त्यावर ती टेकवा, मग तीन कान खाचेत बसवून फिरवा. मशीनवर डिशवॉशरसाठी ठेवलेल्या तोंडातलं प्लास्टिकचं बूच डिशवॉशर जोडायचा असेल तरच ठोकून काढा.

पाइप

आपल्या सिंकखाली सव्वा इंची, घड्यांचा लवचिक वेस्ट पाइप असतो. साध्या पाण्याला तो चालतो. मशीनमधून निघालेला लगदा त्या घड्यांत थर धरतो आणि थोड्याच दिवसांत सिंक तुंबतं. मग लोक म्हणतात मशीन खराब. मशीनला दीड इंची, आतून गुळगुळीत पीव्हीसी पाइप द्या, मध्ये पी-ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारा वाकडा पाइप) आणि पुढे सतत उतार. भिंतीतल्या पाइपचं तोंड मशीनच्या तोंडापेक्षा खालीच हवं. ते वर असेल तर पाणी मशीनमध्ये साचून राहील. अशा ठिकाणी मशीन घेण्याआधी भिंत फोडायची तयारी ठेवा. पाइप नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेला असेल तर त्याची जाळी आधी उघडून साफ करा.

बेसा-पिपळ्याकडच्या ज्या लेआउटांत गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची लाइन, पोचलेली नाही आणि सेप्टिक टँक आहे, तिथे माझा सल्ला नाहीच. सगळा गाळ टाकीत जातो आणि उपसा लवकर करावा लागतो. ओला कचरा वेगळा ठेवून मागच्या अंगणात खत करा.

वापरताना थंड पाणी भरपूर सोडा. गरम पाण्यात सावजी रस्स्यातली चरबी पातळ होऊन पाइपात पुढे जाते आणि तिथे थंड होऊन चिकटते. थंड पाण्यात ती गोठते, बारीक होते आणि वाहून जाते. वाटीभर तर्री मात्र ओतायची नाहीच. शेवग्याच्या शेंगेचा चोथा, मक्याची सालं, आंब्याची कोय, नारळाची शेंडी हेही नको. पोहे आणि भात चमचा-दोन चमचे ठीक, पातेलंभर टाकले तर पाइपात फुगतात. संत्र्याची साल थोडी थोडी घातली तर वास जातो. दळणं संपलं तरी अर्धा मिनिट नळ चालू राहू द्या.

उन्हाळ्यात महिनाभर गावाला जात असाल तर ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गडरचा वास घरात येतो. निघताना मशीन नीट धुऊन तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल ओता, तेलाच्या थराने पाणी लवकर उडत नाही. परत आल्यावर लगेच बटण दाबू नका. पडून राहिलेली तबकडी गंजून धरलेली असू शकते. पिन लावण्याआधी खालून चावीने दोन फेरे फिरवा, मग पाणी सोडून चालू करा.