जिओकॅशिंगला निघालाय? या चुका टाळा, आमच्या करून झाल्यात

"काय हरवलंय का ओ ताई?"

फिरायला आलेल्या काकांनी विचारलं, तेव्हा मी एका मैलाच्या दगडामागं अर्धी वाकलेली होते, थोरली वडाच्या पारंब्या चाचपत होती आणि धाकटा सायकलवरूनच ओरडत होता, "आई, बाण माझ्याकडं दाखवतोय!" जीपीएसच्या बाणामागं जाऊन कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा, असा हा खेळ. चाळीस मिनिटं आम्ही तिथं घाम गाळला. डबा मिळालाच नाही. घरी येऊन खेळाच्या वेबसाइटवरचं त्या डब्याचं पान नीट उघडलं तर आधीच्या चार जणांनीही 'सापडला नाही' असंच लिहून ठेवलेलं. म्हणजे डबा बहुधा कधीच गेला होता आणि आम्ही त्याच्या आठवणीभोवती घिरट्या घालत होतो.

ही पहिली चूक, आणि सगळ्यात स्वस्तात टळणारी. निघण्याआधी मागच्या नोंदी वाचा. शेवटचा कधी सापडला, त्यानंतर लागोपाठ किती जण रिकाम्या हातानं परतले, हे बघायला दोन मिनिटं लागतात. पोरांना कबूल करून, खाऊचे डबे भरून, सायकलींत हवा मारून झाल्यावर हे कळण्यात काही मजा नाही.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कुणीतरी डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी जीपीएसवर तिथं पोहोचायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा, होता तिथंच ठेवायचा. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली अचूकतेची खोट काढून टाकली. लगेच ३ मेला ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी एक बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले, तिथून हे सुरू झालं. खेळात डब्याला 'कॅश' म्हणतात. आमच्या घरात हा शब्द चालला नाही. सासरे, म्हणजे आबा, पहिल्याच दिवशी म्हणाले, "कॅश पाहिजे तर बँकेत जावा की, रानात कशाला?" तेव्हापासून आमच्याकडं डबाच.

आकडे बरोबर, वाचन चूक

आमचा सर्वांत मोठा घोटाळा आकड्यांचा. जिओकॅशिंगमध्ये जागा अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. उदाहरणादाखल आमच्या कोल्हापूरच्या रंकाळ्याच्या आसपासचा एक आकडा घ्या: उत्तर १६° ४१.२८०'. यातलं ४१.२८० म्हणजे ४१ मिनिटं आणि पुढे मिनिटाचा दशांश. शाळेत अंश-मिनिट-सेकंद शिकलेला माणूस (मी) ते ४१ मिनिटं २८ सेकंद असं वाचतो आणि जवळजवळ साडेतीनशे मीटर उत्तरेला जाऊन उभा राहतो. ही चूक वाईट अशासाठी की ती पटकन लक्षात येत नाही. आपण योग्य भागातच असतो, बाणही 'पोहोचलात' म्हणतो.

दुसरी तऱ्हा निदान हसण्यावारी नेता येते. तोच आकडा नकाशाच्या अ‍ॅपमध्ये १६.४१२८० असा टाकला तर रंकाळ्याऐवजी तीसेक किलोमीटर दक्षिणेला, मुरगूडच्या बाजूला रवानगी होते. नकाशावर इतका लांबचा ठिपका दिसला की समजायचं, आकड्यात मिनिटांचे अंश झालेत.

उपाय सोपा आहे. आकडे हातानं टाकू नका, खेळाच्या अ‍ॅपमधूनच थेट दिशा दाखवायला सांगा. टाकायचेच असतील तर आधी तुमचं यंत्र किंवा अ‍ॅप कोणत्या पद्धतीवर आहे ते सेटिंगमध्ये बघा. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर पावणेदोन ते दोन मीटरच्या दरम्यान. शेवटचा आकडा एकानं चुकला तर बिघडत नाही, पण मधला चुकला की झाडच बदलतं.

बाणाच्या मागं मागं

फोन आकाश मोकळं असेल तर साधारण पाच मीटरपर्यंत नेतो. लपवणाऱ्याच्या यंत्रातही तेवढीच खोट असू शकते. म्हणजे दोघं मिळून दहा मीटरचा घोळ, आणि तो दाट झाडीत किंवा उंच भिंतींच्या बोळात आणखी वाढतो, कारण सिग्नल आपटून आपटून येतो. आमचं लेकरू मात्र फोनवर 'शून्य मीटर' दिसेपर्यंत एका जागी फुगडी घालत राहायचं. एक पाऊल इकडं, आठ मीटर. एक पाऊल तिकडं, तीन मीटर. बाण गरागरा.

आता नियम केलाय. दहा मीटर उरले की फोन खिशात. त्यानंतर काम डोळ्यांचं. आपण डबा लपवला असता तर कुठं, हा प्रश्न पोरांना विचारा, त्यांची उत्तरं आपल्यापेक्षा बरी असतात. जागेवर शोभत नाही असं काही दिसतंय का? दगड जरा जास्तच शिस्तीत रचलेत का? कुंपणाच्या पन्नास नळ्यांपैकी एकीलाच टोपण आहे का? आमच्या धाकट्यानं सापडवलेला पहिला डबा मोठ्यांना दिसणंच शक्य नव्हतं. तो बाकड्याच्या फळीखाली, लोहचुंबकानं चिकटवलेला होता, करंगळीच्या पेराएवढा. धाकटा बुटाची लेस बांधायला खाली बसला म्हणून मिळाला.

बाण फिरतच राहिला तर हे करून बघा: तीस-चाळीस मीटर लांब जा आणि सरळ चालत परत या, मग दुसऱ्या दिशेनं तसंच. दोन्ही वेळच्या रेषा जिथं छेदतात तिथं शोधा. चालताना दिशा हालचालीवरून ठरते, उभं राहिलं की फोन होकायंत्रावर विसंबतो, आणि होकायंत्राला लोखंड आणि चुंबक सहन होत नाही. फोनच्या कव्हरचं चुंबकी बटण, सायकलचं लोखंडी हँडल, स्टँडमधलं चुंबक, यातलं काहीही बाणाला भरकटवतं. फोन काढून हवेत इंग्रजी आठचा आकडा दोनचार वेळा काढा, बहुतेकदा शहाणा होतो.

आणखी एक. डब्याला दोन श्रेणी असतात, दोन्ही १ ते ५. पहिली शोधायला किती अवघड, दुसरी पोहोचायला किती अवघड. आम्ही सुरुवातीला फक्त पहिली बघायचो. 'शोधायला सोपा' म्हणून निघालो आणि कड्याखाली उतरायची वेळ आली. पोरं बरोबर असतील तर दोन्ही आकडे दोनच्या आत ठेवा. आणि डब्याचा आकार वाचा. 'मायक्रो' म्हणजे १०० मिलिलिटरच्या आतला, त्यात वहीची सुरळीच जेमतेम मावते, पेन नसतं. पेन घरी विसरलं की सापडलेला डबा हातात धरून चरफडत बसायचं.

हात घालण्याआधी काठी

याबद्दल मी कडक आहे. दगडाखाली, ढोलीत, कपारीत उघडा हात घालायचा नाही. आपल्या भागात विंचू आहे, घोणस आहे, फुरसं आहे, आणि उसाच्या बांधाला नाग आहे. आधी काठीनं ठोकायचं, मग दगड आपल्याकडून दुसऱ्या बाजूला नाही, तर पलीकडची कड वर येईल असा स्वतःच्या दिशेनं उचलायचा, म्हणजे आत कोणी असेल तर त्याला पळायला वाट पलीकडं मिळते. कड्याकपारीला आग्या मोहोळ दिसलं तर डबा तिथंच असला तरी परत फिरायचं. पोरं रडतात. रडू देत.

सायकलवर निघालात तर

पन्हाळा कोल्हापुरापासून वीसेक किलोमीटर. नकाशावर डबा 'दीड किलोमीटर' दाखवतो तेव्हा ते पक्ष्याचं दीड किलोमीटर असतं. वाघबीळवरून वर चढताना वळणं घेत घेत त्याचे किती होतात ते पायांनाच विचारा. म्हणून अ‍ॅपचं अंतर विसरा, आधी रस्त्याच्या नकाशावर डब्याजवळचा सायकल लावायचा ठिपका खूण करून ठेवा.

चालवताना फोनकडं बघणं ही चूक म्हणायला लाज वाटते इतकी उघड आहे, तरी मी केलीय. गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून, उसाच्या जोडट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागची ट्रॉली वळणाला हेलकावते, बाहेर आलेला ऊस हातभर पुढं असतो. अशा वेळी बाण बघत चालवणारी बाई म्हणजे काय ते ट्रॅक्टरवाल्यानं मला चांगल्या खणखणीत शब्दांत सांगितलं. आता आमचा ठराव असा आहे: फोन थोरलीच्या पिशवीत, दर दोन किलोमीटरला थांबायचं, कडेला उतरून बघायचं. बॅटरीही वाचते. स्क्रीन सतत चालू ठेवून सकाळी सातला निघालेला फोन दहाला मान टाकतो, आणि डबा नेमका सव्वादहाला येतो. डब्याचं पान, लपवणाऱ्यानं दिलेली खूण (हिंट) आणि नकाशा घरीच उतरवून घ्या, घाटात रेंज येते-जाते.

आणि एका फेरीत पाच डबे ठरवू नका. युरोपातल्या गावांसारखे आपल्याकडं पावलोपावली डबे नाहीत, फुकट खात्यावर अ‍ॅपमध्ये आहेत तेही सगळे दिसत नाहीत, वेबसाइटवर जास्त दिसतात. एक डबा आणि एक मिसळ, एवढं पोरांसाठी पुरतं. डबा नाही मिळाला तर मिसळ तरी नक्की असते.

बघणारे लोक

खेळाच्या भाषेत बाहेरच्यांना 'मगल' म्हणतात आणि त्यांच्या नकळत डबा काढायचा असतो. कोल्हापुरात नकळत काही होत नाही. कोपऱ्यावर कुणीतरी उभं असतंच, आणि दोन बायका-पोरं भिंत चाचपताना दिसली की चौकशी होतेच. एकदा एका सुरक्षारक्षकानं आम्हाला हटकलं आणि मी घाबरून "काही नाही, असंच" म्हणाले. त्याचा संशय दुप्पट झाला. खरं सांगावं. वही दाखवावी, खेळ समजावून सांगावा. त्या रक्षकाला शेवटी धाकट्यानं सांगितलं तेव्हा तोही शोधायला लागला.

पण संशय यावा अशा जागा टाळाच. देवळाभोवतीची गर्दी, रेल्वे, शाळेचं आवार, पोलीस ठाणं, इथं बेवारस डबा म्हणजे लोकांच्या जिवाला घोर. गडावर तर दुप्पट जपा. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे, २०२५मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या किल्ल्यांच्या गटातून जागतिक वारशाच्या यादीत आलाय. तटबंदीचा दगड हलवून बघणं, बुरुजाच्या सांध्यात बोटं घालणं, हे डब्यासाठी काय, कशासाठीच करायचं नाही. दगड हलवल्याशिवाय सापडत नसेल तर तो तिथं नाही, असं धरून चला.

डब्यात काय ठेवू नये

मोठ्या डब्यात छोट्या वस्तू असतात, एक घेतली तर तेवढ्याच मोलाची किंवा बरी वस्तू ठेवायची. मामाच्या शेतात आम्ही भावंडांच्या पोरांसाठी घरगुती डबा लपवला होता. धाकट्यानं प्रेमानं त्यात राजगिऱ्याचा लाडू ठेवला. पंधरा दिवसांनी झाकण उघडलं तर वही, गोट्या, किल्लीची साखळी, सगळं काळं आणि हलणारं. मुंग्यांनी वहीच्या पानांत अंडी घातली होती आणि कडेला उंदरानं प्लॅस्टिक कुरतडलेलं. खाऊ नाही, अत्तर नाही, वासाचा साबण नाही. वही झिपच्या पिशवीत, आणि पेनपेक्षा पेन्सिल बरी, ओलसर कागदावरही उमटते. स्टीलचा डबा दिसायला दणकट, पण झाकणातून पाणी शिरतं. रबरी कड असलेला, चारी बाजूंनी खटका बसणारा डबा घ्या.

कधी आत क्रमांक कोरलेली धातूची पट्टी मिळेल. ती बक्षीस नाही, प्रवासी आहे. पुढच्या डब्यात पोहोचवणार असाल तरच उचला. आमच्याकडची एक थोरलीच्या कंपासपेटीत आठ महिने पडून होती, मालकाचा निरोप आला तेव्हा तोंड लपवायला जागा नव्हती.

स्वतः लपवताना

जाहीर डबा लपवायचा असेल तर दोन प्रत्यक्ष डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं, जमिनीत खड्डा करून पुरता येत नाही, जागेच्या मालकाची परवानगी हवी, आणि देखभाल आपल्याच्यानं होईल इतकी जागा जवळ हवी. सुट्टीला गेलेल्या गावी लपवून आलो, असं चालत नाही. आकडे एकदा नाही, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी घ्या आणि सरासरी काढा.

आणि पंचगंगेच्या काठाचा मोह आवरा. मे महिन्यात घाटावरची कपार अगदी नामी वाटते. जुलैत राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की ती कपार केव्हाच पाण्याखाली असते. आम्ही उन्हाळ्यात तीच जागा ठरवली, डबाही घेतला, आणि मग आबांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "पुरात वाहून गेला की नरसोबाच्या वाडीला जाऊन शोधावा लागंल मग." डबा आम्ही कळंब्याच्या बाजूला, ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून, बांधावरच्या बाभळीला टांगला.