बेळगावच्या स्पेलिंगमधून इंग्लिश शब्द कसे काढायचे, म्हणजे कुठल्याही अक्षरांतून

मे महिन्यात भाचा आलेला खानापूरहून, सोबत सुट्टीचा होमवर्क. जिल्ह्याच्या नावाच्या इंग्लिश स्पेलिंगमधून जमतील तेवढे शब्द काढा. बी-ई-एल-ए-जी-ए-व्ही-आय. पोराने पाच मिनिटात 'व्हिलेज' लिहिलं आणि "मामा बघ की, सात अक्षरी!" म्हणून उड्या. मी म्हटलं एल मोज. व्हिलेजला दोन एल लागतात, आपल्याकडे एकच. गेला शब्द, आणि पोराचं तोंड बघण्यासारखं झालं.

इथंच निम्म्या लोकांचा घोळ होतो. 'या अक्षरांतून शब्द' आणि 'ही अक्षरं असलेला शब्द' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात हातात आहे तेवढंच वापरायचं, बाहेरचं काही आणायचं नाही, दोनदा असेल तरच दोनदा. दुसऱ्यात दिलेली अक्षरं पाहिजेतच, बाकी काय पण चालतं. ए, जी, व्ही असलेले शब्द म्हटलं तर व्हिलेज, ॲव्हरेज, ग्रॅव्हिटी, व्हॉयेज, नॅव्हिगेट सगळे बरोबर. मी स्वतः एकदा शब्द शोधून देणाऱ्या साईटवर चुकीच्या बॉक्समध्ये आठही अक्षरं टाकली आणि "शब्दच नाहीत रे" म्हणून मोकळा झालो, ती साईट बिचारी आठही असलेला शब्द शोधत होती. तर आधी प्रश्न कुठला ते ठरवा.

आता हाताने कसं करायचं. अक्षरं ओळीत लिहून टक लावून बसलात तर काही दिसणार नाही, कारण डोळा तीच ओळ परत परत वाचतो. कागदावर गोल करून लिहा, स्वर मध्ये, व्यंजनं बाहेर. मी जुन्या लग्नपत्रिकेचे चौकोन कापून देतो, हलवत बसता येतं. मग सुरुवात शेवटापासून करायची. इंग्लिश शब्दांची शेपटं ठरलेली असतात: बी-एल-ई, आय-व्ही-ई, ए-जी-ई, आय-एन-जी, ई-आर. शेपूट बाजूला काढून ठेवलं की उरलेली अक्षरं कमी होतात आणि डोकं चालतं. आपल्या आठांतून बी-एल-ई काढलं तर ए, जी, ए, व्ही, आय उरले, त्यातून एबल, गेबल आणि झकास म्हणजे व्हायेबल. आय-व्ही-ई ला गिव्ह, लिव्ह, अलाइव्ह. ए-जी-ई ला जरा कमी मिळतं, पण लॅव्हेज आहे, दवाखान्यात पोट धुतात ते. शेपटीत न बसणारे पण असतात. बांधावरची घायपात असते की, ती इंग्लिशमध्ये अगावे, ए-जी-ए-व्ही-ई, पाचही अक्षरं जिल्ह्याच्या नावातच आहेत. भाच्याला हे सांगितलं तर म्हणतो "घायपातला इंग्लिश नाव हाय?"

१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी स्पेलिंग बदललं, पण घरात जुन्या पाट्या, जुनी सर्टिफिकेटं आहेतच, म्हणून मी त्याला जुन्यावर पण बसवलं. बी-ई-एल-जी-ए-यू-एम. एक अक्षर कमी, पण माल जास्त चांगला वाटतो मला: अल्बम, गॅम्बल, ब्लेम, ग्लीम आणि बेलूगा, हा पांढरा देवमासा. नव्यात एम आणि यू गेले आणि हे सगळे पण त्यांच्याबरोबर गेले. दोन्हीत टिकला तो बेगल, आणि त्याचीच अक्षरं उलटीपालटी करून गेबल.

खरी अडचण मात्र आपली मराठी सवय. आपण आवाजाने विचार करतो, जी दिसला की मनात 'ग' आणि फक्त 'ग'. बी-यू-जी-एल-ई लिहा, ब्यूगल होतो. तेच जी आणि एल जागा बदलून बी-यू-एल-जी-ई लिहा, बल्ज होतो, आणि इथं जी चा आवाज ज आहे. 'ग' धरून बसलेल्याला हा दुसरा शब्द कधीच सापडत नाही. म्हणून शोधताना तोंड बंद, नुसतं अक्षर बघायचं, उच्चार नंतर.

हे दोन शब्द एकाच अक्षरांचे आहेत हे तपासायची सोपी युक्ती: दोघांची अक्षरं ए-बी-सी-डी क्रमाने लावा. दोन्हीचं बी-ई-जी-एल-यू येतं. जुन्या स्पेलिंगसारखी सात अक्षरं सगळी वेगळी असली तर मांडण्या ५,०४० होतात, तेवढ्या कोण लिहून बघणार, पण क्रमाने लावलेलं रूप एकच असतं.

मोबाईलवर वनलुक नावाची साईट आहे, तिथं एका अज्ञात अक्षरासाठी प्रश्नचिन्ह आणि कितीही अक्षरांसाठी स्टार टाकायचा. व्ही ने सुरू आणि ई ने शेवट असेल तर व्ही, स्टार, ई. 'यांतूनच' वाल्या प्रश्नाला मात्र अनस्क्रॅम्बलर लागतो, म्हणजे दिलेल्या अक्षरांतून शब्द काढून देणारी साईट. एक्सेल वापरत असाल तर शब्दांची लिस्ट एका कॉलममध्ये टाका, शीटला १०,४८,५७६ ओळी आहेत त्यामुळे जागेची काळजी नको, मग टेक्स्ट फिल्टरमध्ये 'कंटेन्स'. एका वेळी दोनच अटी बसतात, तिसरी पाहिजे असेल तर उरलेली लिस्ट दुसऱ्या शीटवर कॉपी करून परत फिल्टर. तेच अक्षर दोनदा पाहिजे असेल तर ए, स्टार, ए लिहा. आणि 'डज नॉट कंटेन' विसरू नका, एस, टी, आर, एन उडवले की लिस्ट झर्रकन खाली येते.

क्यू आला आणि यू नाही म्हणून रडू नका. स्क्रॅबलमध्ये, म्हणजे सोंगट्यांवरची अक्षरं जुळवून शब्द करायच्या खेळात, क्यू-आय चालतो, क्यू-ए-टी चालतो, आणि आपला फकीर पण चालतो, एफ-ए-क्यू-आय-आर. १०० सोंगट्यांत ई च्या १२ आणि क्यू ची एकच, म्हणून त्याला १० मार्क. भाच्याला हे कळल्यापासून तो जेवताना पण क्यू शोधतोय.