सुपरहिरो पिक्चरचा साउंडट्रॅक अल्बम ऐकायचा कसा

पिक्चर बघितला, म्युझिक डोक्यातून जाईना, म्हणून अ‍ॅपवर नाव टाकलं तर दोन दोन अल्बम समोर येतात आणि निम्मे लोक तिथेच चुकतात. एक असतो गाण्यांचा आणि दुसरा स्कोअरचा म्हणजे बॅकग्राउंड म्युझिकचा. १९८९ च्या 'बॅटमॅन'चेच बघा ना, प्रिन्स या गायकाच्या गाण्यांचा अल्बम वेगळा, डॅनी एल्फमनच्या स्कोअरचा वेगळा. तर आधी कव्हरवर 'स्कोअर' लिहिलंय का आणि संगीतकाराचं नाव काय ते बघून घ्या.

पिक्चर बघायचा राहिला असेल तर ट्रॅकची नावं अजिबात वाचू नका, कधीकधी अख्खा शेवट नावातच फुटलेला असतो! 'बॅटमॅन बिगिन्स'वाल्यांनी (२००५) मात्र मजा केलीय, सगळ्या ट्रॅकला वटवाघळांच्या जातींची लॅटिन नावं दिलीत आणि चौथ्यापासून नवव्यापर्यंतची पहिली अक्षरं जोडली की इंग्रजीत 'बॅटमॅन' होतं.

शफल बंद. फोनचा स्पीकर पण नको, बास सगळा गायब होतो त्यात, हेडफोनच लावा.

आता मेन काम. पहिल्यांदाच सगळं कळायला पाहिजे असं काही नाही, एकच कॅरेक्टर पकडा आणि त्याचं वाद्य शोधत बसा. शिकायला 'ब्लॅक पँथर'चा (२०१८) स्कोअर मला सगळ्यात सोपा वाटतो. त्याचा संगीतकार लुडविग योरानसन त्यासाठी पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलला जाऊन बाबा माल या गायकाबरोबर फिरला, तिथे त्याला टॉकिंग ड्रम सापडला, म्हणजे काखेत धरून दोऱ्या आवळल्या की ज्याचा आवाज बोलल्यासारखा वर-खाली होतो तो. तो ड्रम टी'चालाचा, म्हणजे हिरो ब्लॅक पँथरचा. व्हिलन किलमाँगरला फुला बासरी (पश्चिम आफ्रिकेतल्या फुला लोकांची) दिलीय, वाजवणारा मधेच तिच्यात ओरडतो, आणि खाली हिपहॉपचा जड बास. एवढं कानात बसलं की सीन आठवत नसला तरी आत्ता कोण आलाय ते कळतं. ऑस्कर उगाच नाही मिळालं त्याला.

हे जमलं की 'द डार्क नाइट' (२००८) घ्या. हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्डचा. पहिलाच ट्रॅक जोकरचा, नऊ मिनिटांच्या वर आहे आणि धून अशी नाहीच त्यात, चेलोचा (मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य) एकच सूर तार तुटेल की काय इतका ताणत नेलाय. सुरुवातीला ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका हां, पुढे दचकाल, आणि साडेतीन मिनिटांच्या आसपास इतका खोल बास येतो की स्वस्तातल्या हेडफोनला तो झेपतच नाही.

दोन-तीनदा ऐकून झालं की पिक्चर परत लावा. सुरुवातीलाच जोकर रस्त्याच्या कोपऱ्यावर पाठमोरा उभा असतो, हातात मास्क, चेहरा दिसत नाही, कोण आहे तेही पहिल्यांदा बघणाऱ्याला माहीत नसतं, पण तो सूर तिथे आधीच चढायला लागलेला असतो.