राहतं घर पाहुण्यांना द्यायचंय? आधी एका खोलीला कुलूप लावा

उन्हाळ्यात आम्ही मुलीकडे पुण्याला जातो तेव्हा इंदूरचं घर एअरबीएनबीवर (घर थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायचं ॲप) देतो, आता ओळखीतले बरेच जण विचारतात कसं काय करता, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिलं म्हणजे एक खोली कुलपाची. दागिने-कागदपत्रं तिथे ठेवायची हे सगळ्यांनाच सुचतं, पण सासूबाईंची औषधं, गॅसचं पुस्तक, लोणच्याच्या बरण्याही त्यातच टाका. आणि देव. पहिल्या वेळी मी देवघर तसंच ठेवलं, परत येऊन बघते तर बाळकृष्णाच्या शेजारी कुणाचातरी चार्जर लटकतोय! त्यांची चूक नाही हो, हॉलमधला चालू प्लग तेवढाच. आता देव कुलपात आणि सोफ्याजवळ एक्स्टेंशन बोर्ड. बाकी घर मात्र लॉजसारखं रिकामं करू नका, चहा-साखर, पोळपाट, किलोभर पोहे राहू द्या, लोक घर हवं म्हणूनच येतात ना.

आपल्याकडे येणारे निम्मे महाकालवाले. उज्जैन 55 किलोमीटर, भस्मारती पहाटे 4 ची, म्हणजे ही मंडळी रात्री 12-1 ला गेट उघडून निघणार, आणि जे जात नाहीत ते सराफ्यातून, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, खाऊन त्याच सुमारास परत येणार. तेव्हा चाव्यांचे दोन जोड द्या, गेटच्या कडीला तेल घाला, शेजाऱ्यांना आधी सांगा. भस्मारतीचं बुकिंग त्यांचं त्यांनी करायचं, पण घर बुक होताच आठवण करा, ऐनवेळी मिळत नाही आणि आपल्याकडे तोंड पाडून बसतात.

पाणी आणि कचरा, इथे बाहेरचे लोक हमखास चुकतात. नर्मदेचा नळ एक दिवसाआड, त्यांना वाटतं रोज येतो. मोटर कधी लावायची, कधी बंद करायची ते बोर्डावरच चिकटवा. कचरा सगळा एकाच पिशवीत भरला तर गाडीवाले घेत नाहीत, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी असे डबे नावं लिहून ठेवा, हिंदीत.

कागदांत आळस नको. एकाचं नाही, सगळ्या मोठ्यांचं ओळखपत्र घ्या. विदेशी पाहुणा असेल तर 24 तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते. ठाण्यात आणि सोसायटीत आधी विचारून घ्या, भाडं रिटर्नमध्ये दाखवा.

2028 ला उज्जैनला सिंहस्थ आहे, तेव्हा सगळेच घरं भाड्याने काढतील, त्यामुळे करायचंच असेल तर आत्तापासून करा, तोवर चार चांगले रिव्ह्यू तरी जमतील.

निघायच्या आदल्या दिवशी एकेक ड्रॉवर उघडून व्हिडिओ काढा. चोरीसाठी नाही, वस्तू जातात कुठे, फक्त जागा बदलतात. गेल्या वेळी माझी पोह्यांची चाळणी बाथरूमच्या खिडकीत सापडली, कशाला नेली होती ते मी विचारलं नाही.