फ्यूजमध्ये परवानगी नेमकं कोण तपासतं?

फ्यूज म्हणजे लिनक्समध्ये कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅमनं फाइल सिस्टीम चालवायची सोय. ते शिकायला घेतलं की बहुतेक जण रीड-राइटचा कोड आधी उघडतात. माझं मत विचाराल तर लूकअप, म्हणजे नावावरून फाइल शोधून देणारा भाग, आधी वाचा. रीड-राइट आपोआप समजतं, लूकअप नाही.

'डिफॉल्ट परमिशन्स' हा पर्याय देऊन माउंट केलं, तर मोड बिट्स (फाइलवर नोंदलेल्या परवानग्या), युजर आणि ग्रुप पाहून कर्नलच निकाल देतं. तो दिला नाही, तर कर्नल हात वर करतं. ठरवायचं तुमच्या डीमननं, म्हणजे फाइल सिस्टीम चालवणाऱ्या तुमच्या प्रोग्रॅमनं. पण विनंती डीमनपर्यंत पोहोचलीच नाही तर? गोम इथेच आहे.

हे डोळ्यांनी पाहा. लिबफ्यूज या फ्यूजच्या लायब्ररीसोबत लो-लेव्हल एपीआयवरचं पासथ्रूचं (विनंत्या तशाच खऱ्या फाइल्सकडे पोहोचवणारं) उदाहरण मिळतं. त्याच्या लूकअपमध्ये विनंती करणाऱ्याचा यूआयडी (युजरचा क्रमांक) तपासा आणि एका युजरला नकार द्या. 'अलाउ अदर' (इतर युजरनाही आत येऊ देणारा पर्याय) आणि ३० सेकंदांचा टाइमआउट, म्हणजे कर्नलनं लूकअपचं उत्तर कॅशमध्ये जपायची मुदत, देऊन डीबग मोडमध्ये चालवा. (एरवी तिथे हा टाइमआउट १ सेकंदाचा असतो, तेवढ्यात हातानं काही पाहून होत नाही.) आधी परवानगी असलेल्या युजरनं फाइलवर स्टॅट (फाइलची माहिती दाखवणारी आज्ञा) चालवायचं: लूकअपची ओळ उमटते. लगेच नकार दिलेल्या युजरनं तेच करायचं: ओळ नाही, नकारही नाही. पहिल्याची एंट्री कॅशमध्ये पडून असते आणि ती कोणासाठी आणली होती, हे कर्नल विचारत नाही. ३० सेकंद उलटले की त्याच युजरला नकार मिळतो.

लिबफ्यूजच्या रीडमीमध्ये ही त्रुटी २००६ पासून माहीत असल्याचं लिहिलंय. माउंट करणारा एकटाच वापरत असेल तर फारसं बिघडत नाही. अनेक युजर असतील तर डिफॉल्ट परमिशन्स लावा, नाहीतर टाइमआउट शून्य करून प्रत्येक लूकअपचा भुर्दंड सोसा. ओपनमध्ये वेगळी तपासणी ठेवता येते, कारण ती विनंती डीमनकडे येते; पण नुसत्या स्टॅटला ती आडवी येत नाही.

डिफॉल्ट परमिशन्स लावूनही एक बारकावा उरतो. कॅशमधल्या मोडनुसार नकार येत असेल, तर कर्नल अ‍ॅट्रिब्यूट्स (मोड, मालक वगैरे माहिती) ताजे मागवून पुन्हा तपासतं. होकार येत असेल, तर टाइमआउट संपेपर्यंत जुन्यावरच भागवतं. म्हणून बॅकएंडला, म्हणजे मूळ साठ्यावर, नवी दिलेली परवानगी लगेच लागू होते, काढून घेतलेली मात्र रेंगाळते. टेस्ट लिहिताना काढून घेण्याची बाजू आधी लिहा; आणि बॅकएंडला बदल झाल्याचं डीमनला कळत असेल, तर इनोड (कर्नलकडची त्या फाइलची नोंद) इनव्हॅलिडेट, म्हणजे बाद, करण्याची सूचना त्यानंच कर्नलला पाठवावी.